एकोणीस मिनिटं बारा सेकंद

रविवारी सकाळी थोरल्यांच्या कागदावर काट मारलेली दिसली, आणि बंगल्यातल्या सात माणसांचा चहा कपातच गार झाला.

कागद म्हणजे उन्हाळ्याचा कार्यक्रम. तलावाकाठचा हा भाड्याचा बंगला दरवर्षी आठवडाभरासाठी उघडला, की थोरले खिडक्या नंतर उघडत, आधी कागद चिकटवत. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाचं अक्षर ते, 'पुढे वळण आहे' लिहावं तसं ठळक. सोमवार, गळ टाकणे. मंगळवार, सायकलने तलावाला फेरी. बुधवार, तंबू. असं करत करत शेवटी, लाल शाईत, रविवार, बुरूज.

बाकीचा आठवडा पोरांच्या आवडीचा होता, हे कुणी नाकारलं नसतं. गळाला मासा फक्त थोरल्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, लागे, तोही त्या विणकामाचे टाके मोजत असताना. सायकलच्या फेरीत थोरल्यांच्या मुलाची, म्हणजे दंतवैद्याची, चेन ठरलेल्या वळणावर उतरे. तंबू दरवर्षी एकदा सगळ्यांच्या अंगावर बसे, आणि आतून सगळ्यांत मोठ्यानं थोरलेच हसत. आत्या हे सगळं त्यांच्या जमेच्या बाजूला धरत आली होती. तिला सवयच होती तशी. बत्तीस वर्षं ती वजनकाट्यावर ट्रक तोलत होती. माणूस समोर आला, की तिच्या मनात आधी भरलेलं वजन उमटे, मग रिकामं. थोरला भाऊ मात्र तिला रिकामा कधी सापडला नव्हता.

तर 'रविवार, बुरूज' यावर हिरव्या पेनानं आडवी रेघ होती, आणि खाली लिहिलं होतं: 'सगळ्यांनी ट्यूबवर बसून. घड्याळ नाही.'

"हे कुणाचं काम?" थोरल्यांनी विचारलं.

"आमचं," लांब्या म्हणाला. लांब्या त्यांचा नातू, दंतवैद्याचा मुलगा. पंधरा वर्षांचा. गेल्या वर्षभरात इतका वाढला होता, की स्वतःचे हातपाय कुठे ठेवायचे हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं.

"आमचं म्हणजे किती जणांचं?"

लांब्यानं शेजारी पाहिलं. शेजारी गुंड्या, थोरल्यांच्या धाकट्या भावाचा, बेकरीवाल्याचा मुलगा. चौदाचा. तो समोरच्या पावाकडे पाहत होता.

"दोघांचं," गुंड्या पावाला म्हणाला.

"काका समोर बसलेत, पावाच्या पलीकडे," थोरले म्हणाले. "अठ्ठेचाळीस वर्षं या घरातला प्रत्येक मुलगा बुरुजाला हात लावून आलाय. तुझा बाप आलाय, याचा बाप आलाय. ट्यूबवर बसून जाणं याला पोहणं म्हणत नाहीत. भिजणं म्हणतात."

"मग आम्ही भिजतो," लांब्या म्हणाला.

वहिनींना हसू आलं. ते लपवायला त्यांनी किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं.

बुरूज म्हणजे तलावाच्या मधोमध उभी असलेली पाणी उपसायची जुनी गोल इमारत. काठच्या पायऱ्यांवरून उडी मारायची, बुरुजाला हात लावायचा आणि परत यायचं. बरोबर होडी असे. पायऱ्यांवर स्टॉपवॉच घेऊन आत्या बसे आणि तपकिरी वहीत वेळ लिही. वहीच्या पहिल्या पानावर थोरल्यांचा आकडा होता: एकोणीस मिनिटं बारा सेकंद. तेव्हा ते सोळाचे होते. त्यानंतर कुणी त्याच्या जवळपासही फिरकलं नव्हतं. बेकरीवाला साडेचोवीस. दंतवैद्य तीन उन्हाळे झटला आणि तेवीस चाळीसवर थांबला; सतराव्या वर्षी जो बाहेर आला, तो पुन्हा पाण्यात उतरला नाही. गेल्या उन्हाळ्यात गुंड्या निम्म्या वाटेवर पायात गोळा आला तरी थांबेना, म्हणून त्याला दंड धरून होडीत ओढावं लागलं होतं. त्याच्या नावापुढे वहीत रेघ होती.

"दादा, या वर्षी राहू दे ना," बेकरीवाला म्हणाला. पहाटे उठायची सवय असलेला माणूस. दिवसाढवळ्या भांडायची त्याला ताकदच उरत नसे. "गेल्या वर्षी माझ्या पोराच्या नाकातोंडात पाणी गेलं."

"म्हणूनच या वर्षी जायचं. गाडी एकदा ठोकली की माणसाला लगेच पुन्हा स्टिअरिंगवर बसवायचं असतं. नाहीतर तो आयुष्यभर रिक्षानं फिरतो." थोरल्यांनी मुलाकडे वळून पाहिलं. "काय हो डॉक्टर?"

दंतवैद्यानं घसा साफ केला. आत्यानं त्याच्याकडे लक्ष दिलं, कारण आज काटा इथेच कलणार होता. चाळीस वर्षांचा माणूस, गावभर लोकांच्या तोंडात हात घालणारा. बापासमोर मात्र त्याचं स्वतःचं तोंड उघडत नसे.

"बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे," तो म्हणाला. "शिस्त..."

"पप्पा," लांब्या म्हणाला, "तुम्ही परवा मला म्हणालात, 'त्या वहीमुळे मला अजून स्वप्नात पाणी दिसतं.'"

टेबलावर कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला. दंतवैद्य कानापर्यंत लाल झाला.

"नऊ वाजता पायऱ्यांवर," थोरले म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी खिशातून लाल पेन काढून खालची हिरवी ओळ सबंध खोडली, मग तिच्यावर नव्यानं लिहिलं: बुरूज.

आत्याला गुंड्या मागच्या अंगणात सापडला. दोरीवर वाळत घातलेली पोहायची चड्डी त्यानं काढली होती आणि ती हातात घेऊन तो उभा होता.

"पाव खाल्ला नाहीस. तुझ्या बापानं भाजलाय. त्याला कळलं तर तो आठवडाभर पीठ चुकीचं मळेल."

"पोट भरलंय."

"कशानं?"

गुंड्यानं चड्डीची नाडी ओढून पाहिली. "आत्या, मला पाण्याची भीती नाही वाटत. खरंच सांगतो. परवा मी न् लांब्या गुपचूप बुरुजाला जाऊन आलो. दोनदा. कुणाला सांगू नकोस."

"मग रडतोयस कशाला?"

"रडत नाहीये. ऊन आहे." त्यानं नाडी बोटाला गुंडाळली. "पाण्यातून मागे बघितलं ना, की तू दिसतेस. ते घड्याळ छातीशी धरून बसलेली. मग मला श्वासच पुरत नाही."

आत्याला बत्तीस वर्षांत ट्रकवाल्यांनी बरंच काही ऐकवलं होतं. वजन जास्त निघालं की तिच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची. ते सगळं ती पदराला हात पुसावेत तसं पुसून टाकत असे. हे पुसलं जाईना. इतकी वर्षं तिला वाटे, आपण नुसत्या काठावर बसतो. पोहणारे पोहतात, बोलणारे बोलतात, आपण लिहितो. आणि इथे हा पोरगा सांगत होता, की त्याच्या पोटात अडकलेला दगड म्हणजे तीच.

"चड्डी घाल," ती म्हणाली. "आणि पायऱ्यांवर ये. माझ्या शेजारी उभा राहा."

"म्हणजे पोहायचंय?"

"ये म्हटलं ना."

नऊ वाजता सगळे पायऱ्यांवर होते. बेकरीवाला होडी सोडत होता. वहिनी सावलीच्या पायरीवर विणकाम घेऊन बसल्या होत्या. ट्रॅक्टरच्या दोन काळ्या ट्यूब पोरांनी हट्टानं फुगवून आणल्या होत्या, आणि थोरले त्यांच्याकडे नो पार्किंगमध्ये लावलेल्या गाड्यांकडे पाहावं तसं पाहत होते.

"घड्याळ?" ते म्हणाले.

आत्यानं स्टॉपवॉच काढलं, पण नेहमीसारखं छातीशी धरलं नाही. पायरीवर ठेवलं.

"दादा, मला काही सांगायचंय. मग तुम्ही सगळे पोहा, बुडा, काय करायचं ते करा."

"नंतर सांग. ऊन चढतंय."

"अठ्ठेचाळीस वर्षं नंतरच चाललंय. तुझे एकोणीस बारा खोटे आहेत."

वहिनींची सुई थांबली. बेकरीवाला एक पाय होडीत आणि एक पायरीवर असा अडकून राहिला.

"खोटे म्हणजे?" थोरल्यांनी अगदी हळू विचारलं. शिकाऊ माणूस ब्रेकऐवजी भलतंच काही दाबतो तेव्हा ते याच आवाजात बोलत.

"तू उडी मारलीस तेव्हा मी घड्याळ दाबलं नाही. मी अकरा वर्षांची. हा," तिनं बेकरीवाल्याकडे बोट केलं, "हा सहाचा. यानं पाण्यात बूट पाडला. नवा बूट. मी काठीनं तो काढत बसले. वर पाहिलं तर तू बुरुजाच्या निम्म्या वाटेवर. तेव्हा दाबलं."

"माझा बूट?" बेकरीवाला म्हणाला.

"डावा."

"म्हणजे विक्रम माझ्या बुटाचा आहे," तो म्हणाला.

"किती?" दंतवैद्यानं विचारलं. त्याचा आवाज चिरका निघाला. "आत्या, किती मिनिटं गेली असतील?"

"पाच तरी. जास्तही असतील."

दंतवैद्यानं मनातल्या मनात बेरीज केली. ती त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना वाचता आली. एकोणीस आणि पाच, चोवीस. आणि तो स्वतः तेवीस चाळीस. तो पायरीवर खाली बसला, कुणी ढकलल्यासारखा.

"तेव्हाच का नाही बोललीस?" थोरले म्हणाले.

"कारण तू परीक्षेत नापास झाला होतास, आणि बाबा महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. तू पाण्यातून वर आलास, मी घड्याळ दाखवलं, आणि त्यांनी तुला खांद्यावर घेतलं. सोळा वर्षांच्या घोड्याला. मी काय म्हणणार होते तेव्हा? उतरवा त्याला?"

थोरल्यांनी बुरुजाकडे पाहिलं. आत्याला वाटलं, आता हे वजन उतरेल. तिनं त्यांच्या खांद्यांकडे पाहिलंसुद्धा. पण तिचा अंदाज चुकला. काट्यावर असा चुकला असता, तर तिनं गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा काढून ठेवून घरची वाट धरली असती.

थोरल्यांनी चष्मा काढून वहिनींच्या मांडीवर ठेवला. मग शर्टाची बटणं काढायला लागले.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"मोज म्हणावं तिला. पुन्हा मोज. या वेळी कुणाचा बूट पडला तरी तो पाण्यात राहील."

"दादा, तू चौसष्टचा आहेस."

"लायसन्स अजून चालू आहे," थोरले म्हणाले, आणि कुणी हात धरायच्या आत, बनियन आणि अर्ध्या चड्डीवर, पायऱ्यांवरून त्यांनी सूर मारला.

सूर चांगला होता. ते कबूल करायलाच हवं.

मग एकच धांदल उडाली. बेकरीवाल्यानं दुसरा पाय होडीत ओढला, दंतवैद्य बुटांसकट मागोमाग चढला. लांब्यानं ट्यूब पाण्यात फेकली. गुंड्यानं आत्याकडे पाहिलं.

"जा," आत्या म्हणाली. "काका एकटे आहेत."

"आणि घड्याळ?"

"तू काकांकडे बघ. मी घड्याळाकडे बघते."

दोघं पोरं ट्यूबवर पोट टाकून, हातांनी पाणी मारत, म्हाताऱ्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन लागली. पायऱ्यांवर दोघी नणंद-भावजया तेवढ्या उरल्या.

"वन्सं, तुम्ही आज बोललात ते चांगलं केलंत," वहिनी म्हणाल्या. त्यांनी विणकाम पुन्हा सुरू केलं होतं, पण टाके चुकत होते. "लग्न झाल्यावर पहिल्या रात्री यांनी मला काय सांगितलं असेल? एकोणीस बारा. मला वाटलं, गाडीची वेळ आहे. म्हटलं, सकाळची की संध्याकाळची?"

आत्या हसली नाही. ती पाण्याकडे पाहत होती.

थोरले बुरुजाला पोचले, हात लावला. तिथपर्यंत ठीक होतं. परतताना निम्म्या वाटेवर त्यांचे हात उचलेनात. पायऱ्यांवरून एवढंच दिसलं, की पाण्यातलं पांढरं डोकं एका जागी थांबलंय, होडी जवळ गेलीय आणि डोकं होडीपासून लांब सरकलंय. ट्यूब जवळ गेली, डोकं तिच्यापासूनही सरकलं. तिथे काय बोलणं झालं, ते बेकरीवाल्यानं नंतर सांगितलं. आणि तो खोटं सांगण्याइतका कधी जागा नसतो.

"दादा, वल्हं धर," बेकरीवाला म्हणाला होता.

"होडीला हात लावला की वेळ धरत नाहीत. नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"मी," थोरले म्हणाले, आणि एक घोट पाणी प्यायले.

"आजोबा, ट्यूबचा नियम तुम्ही कुठे केलाय?" लांब्या म्हणाला. "ट्यूबला धरा. कागदावर ट्यूब आहे."

"खोडलेली आहे."

यावर दंतवैद्यानं बूट काढले. दोन्ही नीट शेजारी ठेवले, पेशंट खुर्चीत बसायच्या आधी तो हत्यारं ठेवतो तसे, आणि पॅंटसकट, शर्टसकट, तेवीस वर्षांनी, होडीच्या कडेवरून पाण्यात उतरला. बापाच्या शेजारी गेला. त्याचे दात वाजत होते.

"बाबा," तो म्हणाला, "मी येतो बरोबर. पण मला दम लागतो. मी म्हणेन तेव्हा थांबायचं. मी म्हणेन तेव्हा उताणं पडायचं. तुम्हाला चालत नसेल, तर मी इथेच बुडतो."

थोरल्यांनी मुलाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच हा पोरगा त्यांना अटी घालत होता, आणि त्याही गळ्यापर्यंत पाण्यात, पायाखाली जमीन नसताना.

"उताणा पड," ते म्हणाले. "तू दमलायस."

पायऱ्यांवरून आत्याला दिसली ती एवढीच गोष्ट, की दोन माणसं तलावाच्या मधोमध पाठीवर पडून आकाशाकडे बघतायत. मग ट्यूबवरून एक पोरगा घसरला, मग दुसरा. चार माणसं उताणी पडली. दोन रिकाम्या ट्यूब आणि एक होडी त्यांच्याभोवती नुसती तरंगत राहिली. मग ती चौघं वळली आणि पोहायला लागली. चार हात मारायचे, थांबायचं, पडायचं, पुन्हा चार हात. कुणी पुढे गेलं की मागच्यासाठी थांबायचं. असं पोहलेलं आत्यानं त्या तलावात कधी पाहिलं नव्हतं. गुंड्यानं मध्ये एकदा पायऱ्यांकडे मान वळवली. आत्यानं दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. त्यानं मान पुन्हा पाण्यात घातली.

पायरीला पहिला हात त्याचाच लागला. त्याला ते आधी कळलंच नाही. तो पाण्यात उभा राहिला, मागे बुरुजाकडे बघितलं, पायरीकडे बघितलं.

"आत्या," तो म्हणाला, "ट्यूब कधी सुटली माझी?"

"मला काय ठाऊक? मी काय तुझ्याकडे बघत बसले होते?"

लांब्या आला. दंतवैद्य आला, ओल्या पॅंटमधून पाणी गाळत, आणि तो हसत होता. विनाकारण, तोंड सबंध उघडून. एका दातात फट होती. इतकी वर्षं ती घरात कुणाला दिसली नव्हती.

शेवटी थोरले. त्यांनी कुणाचा हात घेतला नाही. चार पायऱ्या चढले, पाचवीवर बसले. छाती भात्यासारखी चालली होती. वहिनींनी चष्मा पुढे केला; तो त्यांनी घेतला, ओल्याच डोळ्यांवर चढवला आणि बहिणीकडे हात पसरला.

"किती?"

 होडी बांधणारा बेकरीवाला दोरी हातात घेऊन थांबला. आत्यानं पायरीवरचं घड्याळ उचललं आणि भावाच्या तळहातावर ठेवलं. मोठा काटा वर होता, सरळ. छोटाही वर.

थोरल्यांनी ते कानाशी नेलं. हलवून पाहिलं. पुन्हा कानाशी नेलं.

"आताही दाबलं नाहीस," ते म्हणाले. "पुन्हा विसरलीस?"

"नाही दादा," आत्या म्हणाली. "या वेळी विसरले नाही."